शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर गिअरचा दांडा तिरका राहतो? दोष शोधायचा कसा, काढायचा कसा

शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअर टाकताना दांड्याची हालचाल कमी करणारं किट. ते बसवल्यावर येणारी तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. गिअर मस्त छोटे झाले, हाताला घट्ट लागतात, पण न्यूट्रलला दांडा एका बाजूला झुकून उभा राहतो. कुणाचा डावीकडे, कुणाचा उजवीकडे, कुणाचा थेट डॅशबोर्डच्या दिशेने. मग तिसरा टाकताना पाचवा पडतो किंवा दुसरा अर्धवट बसतो, आणि ठाण्यातल्या माजिवड्याच्या सिग्नलवर मागून हॉर्न सुरू झाले की पहिला गिअर सापडत नाही.

या तक्रारीवर सगळ्यात पहिला आणि सगळ्यात चुकीचा उपाय म्हणजे दांडा हाताने किंवा पाइप घालून वाकवणे. दुसरा चुकीचा उपाय म्हणजे केबल सैल करून, दांडा डोळ्याला सरळ दिसेल तसा धरून, केबल पुन्हा आवळणे. दोन्हींत एक गोष्ट विसरली जाते. दांड्याचा मध्य केबिनमध्ये ठरत नाही, तो गिअरबॉक्समध्ये ठरतो. गिअरबॉक्सच्या आतला सिलेक्टर शाफ्ट, म्हणजे कुठला गिअर पडायचा ते ठरवणारा दांडा, स्प्रिंगच्या जोरावर स्वतःच्या न्यूट्रलला, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत, येऊन थांबतो. केबिनमधल्या दांड्याचं काम त्याच्याशी जुळून घेणं एवढंच. म्हणून तपासणी नेहमी खालून वर यायला हवी. आधी गिअरबॉक्स, मग केबल, मग दांडा, आणि शेवटी बूट (दांड्याभोवतीचं कापडी आवरण) नि नॉब.

शॉर्ट शिफ्टरमध्ये नक्की काय बदलतं

पहारीने दगड उचलताना टेकू दगडाच्या जवळ घेतला की हातात जोर कमी लागतो, पण हात जास्त अंतर फिरवावा लागतो. गिअरच्या दांड्याचंही तेच गणित आहे. वरचा हात लांब, खालचा छोटा, मध्ये टेकू. शॉर्ट शिफ्टर खालचा हात वाढवतो किंवा वरचा कमी करतो, म्हणजे नॉब थोडाच हलला तरी केबल पूर्वीइतकीच ओढली जाते. जोर अर्थातच जास्त लागतो. काही किट केबिनमधला दांडा बदलतात, काही गिअरबॉक्सवरची केबल जोडायची पट्टी बदलतात, काही दोन्ही.

इथे एक छोटा हिशोब करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. समजा मूळ दांड्याचा वरचा हात २०० मिमी आणि खालचा ५० मिमी होता. दांडा २ अंश तिरका असेल तर नॉब सुमारे ७ मिमी बाजूला दिसतो आणि केबलचं टोक सुमारे १.७ मिमी सरकलेलं असतं. आता शॉर्ट शिफ्टरचा खालचा हात ७० मिमी आहे असं धरा. तेच २ अंश केबलला जवळजवळ २.४ मिमी सरकवतात. म्हणजे मूळ दांड्याला जी चूक चालून जात होती, तीच शॉर्ट शिफ्टरने गिअरबॉक्सपर्यंत जास्त पोहोचते. 'थोडासा तिरका आहे, चालतंय की' हे वाक्य मूळ दांड्याबाबत कदाचित ठीक होतं. किट बसवल्यावर नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. गिअरबॉक्सच्या पट्टीवर बसणारी बरीच किट फक्त पुढे-मागे होणारी हालचाल कमी करतात, डावी-उजवी तशीच ठेवतात. त्यामुळे गिअरचा नकाशा उंचीला बसका पण रुंदीला पूर्वीइतकाच होतो. सवय नसलेल्या हाताला हे तिरकं झाल्यासारखं वाटतं. तो दोष नाही, किटची रचनाच तशी आहे. चार-सहा दिवसांत हात बसतो.

आधी मोजा, मग पाना हातात घ्या

गाडी सपाट जागी लावा. सोसायटीच्या पोडियमचा उतार किंवा रॅम्पचं तोंड या कामाला नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा किंवा लाकडी ठोकळे लावा, कारण पुढचा बराच वेळ गाडी न्यूट्रलमध्ये असणार आहे. इंजिन थंड हवं. बहुतेक आडव्या इंजिनाच्या गाड्यांत गिअरबॉक्सवरच्या केबल बॅटरी किंवा एअर फिल्टरच्या डब्याखाली लपलेल्या असतात आणि तिथे गरम इंजिनाशेजारी हात घालणं धोक्याचं.

साहित्य फार लागत नाही. गोटी सेट आणि रॅचेट, चपट्या तोंडाची पक्कड, ट्रिम उचकटायची प्लॅस्टिकची पट्टी, स्टीलची मोजपट्टी, मास्किंग टेप, टॉर्च, ४ ते ५ मिमीची दोन-तीन ड्रिल बिट्स आणि प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, असेल तर उत्तम. नसेल तर उसना आणा, शेवटच्या आवळणीला लागेल. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत जा, विशेषतः केबल, क्लिप आणि वॉशर काढण्याआधी.

आता नॉब काढा, बूट वर उलटवा आणि दांडा उघडा करा. दांड्यावर एका ठरावीक उंचीला टेपची बारीक पट्टी गुंडाळा. कन्सोलच्या दोन्ही कडांनाही टेप लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हात सोडलेला. टेपपासून डाव्या कडेचं अंतर, उजव्या कडेचं अंतर आणि डॅशबोर्डवरच्या एका पक्क्या बिंदूपर्यंतचं अंतर कागदावर लिहा. मग क्लच दाबून एकेका गिअरमध्ये दांडा टाका आणि प्रत्येक वेळी तीच तीन मापं घ्या. इंजिन बंदच ठेवा. बंद इंजिनात एखादा गिअर दातावर दात येऊन अडला तर न्यूट्रलला येऊन पुन्हा टाका, जोर करू नका.

हा कागद सगळ्या कामाचा पाया आहे, म्हणून तो कसा वाचायचा ते नीट सांगतो.

पहिल्या, तिसऱ्या, पाचव्याला दांडा न्यूट्रलपासून जितका पुढे जातो, साधारण तितकाच दुसऱ्या, चौथ्याला मागे यायला हवा. पुढे कमी, मागे जास्त असं सगळ्या ओळींत सारखंच दिसत असेल तर शिफ्ट केबलची, म्हणजे पुढे-मागेच्या केबलची, लांबी चुकली आहे. पहिल्या-दुसऱ्याची ओळ मधल्या ओळीच्या फार जवळ आणि पाचव्याची फार लांब, किंवा याच्या उलट, असं असेल तर सिलेक्ट केबल, म्हणजे डाव्या-उजव्याची केबल, किंवा तिचं टोक संशयित. अंतरांत २-३ मिमीचा फरक मी सोडून देतो. त्यापुढे मात्र शोधायलाच हवं.

डावी-उजवी मोजताना एक चूक हमखास होते. दांडा डावीकडे शेवटपर्यंत ढकलायचा, उजवीकडे शेवटपर्यंत ढकलायचा आणि त्यांचा मध्य काढायचा. ज्या पाच गिअरच्या गाड्यांत रिव्हर्स पाचव्याखाली उजवीकडे आहे, त्यांत हे जमून जातं. पण रिव्हर्स पहिल्याच्या डावीकडे असलेल्या गाड्यांत डाव्या बाजूला एक अख्खी ओळ जास्त असते. तिथे टोकाटोकांचा मध्य काढला तर गाडी चांगली असूनही दांडा तिरका ठरतो. मोजायचं ते पहिल्या-दुसऱ्याच्या ओळीपासून आणि पाचव्या-सहाव्याच्या ओळीपासून, टोकापासून नाही.

बूट काढल्याबरोबर दांडा आपोआप मध्यावर आला तर तुमचं काम संपत आलं. छोट्या दांड्यावर मूळ बूट बसवताना कापड एका बाजूला ताणलं जातं किंवा पीळ पडतो, आणि दांडा तिकडे ओढला जातो. बूट शिफ्टरच्या उंचीला कमी शिवून घ्या किंवा पीळ काढून पुन्हा बसवा. जड नॉबचंही असंच. मध्यावर आणणारी स्प्रिंग मऊ असेल तर ३००-४०० ग्रॅमचा गोळा दांड्याला एका बाजूला खाली खेचू शकतो. मूळ नॉब लावून माप पुन्हा घ्या, उत्तर लगेच मिळतं.

दोष वर आहे की खाली: केबल सोडवून बघणे

बूट निर्दोष निघाला तर पुढची चाचणी सगळ्यात मोलाची. बऱ्याच गॅरेजमध्ये ती वेळ वाचवायला टाळली जाते, आणि मग केबल, बुश (सांध्यातला गोल गुटका), दांडा असं एकेक करून बदलत पैसे जातात.

बॉनेट उघडा. बॅटरी काढावी लागत असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. एअर फिल्टरचा डबा बाजूला करा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपचं तोंड स्वच्छ कापडाने बंद करा, एक नट आत पडला तर काम भलतंच वाढेल. आता गिअरबॉक्सवर दोन केबल येताना दिसतील. एक पट्टीला पुढे-मागे फिरवते, दुसरी शाफ्टला वर-खाली किंवा आत-बाहेर करते. दोन्हींची टोकं क्लिप काढून पट्टीवरून सोडवा. टोक गोळीवर दाबून बसवलेलं असेल तर ते सरळ उचला, तिरकं उचकटलं की आतला प्लॅस्टिकचा बुश फुटतो.

आता गिअरबॉक्सची पट्टी हाताने हलवा. पुढे, मागे, प्रत्येक वेळी खटका स्पष्ट लागला पाहिजे. बाजूला दाबून सोडली की शाफ्ट स्प्रिंगने आपल्या मध्यावर परत आला पाहिजे, दोन्ही बाजूंनी. तो आळशीपणे परत येत असेल किंवा एका बाजूलाच अडत असेल, तर किटला दोष देऊ नका. सिलेक्टर यंत्रणा, तिची स्प्रिंग किंवा गंजलेला बाहेरचा सांधा हे खरं कारण. गिअरबॉक्स उघडावा लागेल असं दिसलं तर काम तिथेच थांबवा आणि गिअरबॉक्सचा जाणकार मिस्त्री गाठा.

पट्टी नीट वागत असेल तर केबिनमध्ये या. केबल गिअरबॉक्सपासून सुटलेल्या आहेत, म्हणजे दांड्यावर आता गिअरबॉक्सचा काहीच जोर नाही. तो सगळ्या दिशांना सारखा फिरतो का? कुठे घासतो, अडतो का? काही गाड्यांत मध्यावर आणणारी स्प्रिंग शिफ्टरच्या घरातही असते. तशी असेल तर या अवस्थेतही दांडा स्वतःच उभा राहायला हवा. न राहिला तर दोष दांड्याच्या घरात. दांडा इथे सरळ आणि केबल जोडल्यावर तिरका, तर दोष केबलच्या लांबीत किंवा टोकांत.

दांड्याच्या घरातले दोष

सगळ्यात आधी दांड्याचा बाक बघा. बरेच आफ्टरमार्केट दांडे सरळ नसतात, चालकाच्या हाताजवळ यावेत म्हणून किंचित वाकवलेले असतात. बाहेरून मागवलेलं किट डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी असेल तर हा बाक आपल्याकडे उलटा, प्रवाशाच्या बाजूला येतो. असा दांडा सगळं बरोबर असूनही आयुष्यभर डावीकडेच झुकलेला दिसणार. किटची रचना परवानगी देत असेल तर दांडा १८० अंश फिरवून बसवा. पण खालचा केबल जोडायचा कान फिरून उलट्या बाजूला जात असेल तर ते जमणार नाही. मग उजव्या स्टिअरिंगचा दांडा मागवणे हाच सरळ रस्ता. बाक उलटा असूनही गिअरची मापं बिघडलेली नसतील आणि तुम्हाला दिसण्याचं दुःख नसेल, तर तसाच ठेवलात तरी गाडीचं काही बिघडत नाही.

त्यानंतर स्प्रिंग. मध्यावर आणणाऱ्या पीळदार स्प्रिंगचे दोन पाय असतात आणि ते दांड्याच्या एका कानाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. दांडा बदलताना एक पाय कानाच्या वर किंवा चुकीच्या बाजूला बसला की दांडा नेहमी एकाच दिशेला ढकलला जातो. टॉर्च लावून बघितलं की हे लगेच दिसतं. तुमच्या मूळ फोटोशी ताडून बघा. फोटो नसेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचं बूट उघडून बघा.

गोळा आणि कप. टेकूच्या जागी गोळा एका प्लॅस्टिकच्या कपात बसतो आणि वरून सर्क्लिप किंवा कडी त्याला धरते. कडी खाचेत पूर्ण बसली नसेल तर गोळा कपात एका बाजूला कलतो. नवा गोळा जुन्या झिजलेल्या कपात बसवला असेल तर दांडा मध्यावर थांबण्याऐवजी इकडेतिकडे लुडबुडतो. नवी मुंबईच्या हवेला दमटपणा भरपूर. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीच्या खाडीलगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत इथलं जुनं ग्रीस धूळ धरून घट्ट झालेलं असतं. पूर्ण पुसून नवं सिलिकॉन ग्रीस लावा. रबर आणि प्लॅस्टिकजवळ साधं खनिज तेलाचं ग्रीस लावू नका, काही रबर त्याने फुगतं.

शेवटी बैठक. शिफ्टरचं घर तीन-चार बोल्टांनी फरशीला बसतं, मधे रबराचे गुटके आणि त्यांच्या आत धातूच्या नळ्या असतात. किट बसवताना एखादी नळी खाली पडली, किंवा एक कोपरा जास्त आवळला, तर अख्खं घरच तिरकं बसतं. चारही बोल्ट सैल करा, नळ्या मोजा, मग तिरके समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत न्या. रबराऐवजी डेल्रिनचे (एक कठीण प्लॅस्टिक) किंवा अॅल्युमिनियमचे बुश घालायचे असतील तर चारही एकाच उंचीचे हवेत. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आणि नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भेच्या एमआयडीसीत लेथवर असे बुश करून देणारे आहेत. त्यांना जुना बुश नेऊन दाखवू नका, तो दबलेला असतो. आतली धातूची नळी मोजून तिची लांबी सांगा.

केबल

केबलचे दोष साधे असतात पण लपून राहतात. कार्पेटखालून इंजिनाकडे जाताना केबलला तीव्र बाक पडला असेल, हीटरच्या पाइपला टेकत असेल, किंवा गिअरबॉक्सवरच्या ब्रॅकेटमधली बाहेरच्या आवरणाची क्लिप नीट बसली नसेल, तर आतली तार नव्हे, आवरणच सरकतं. मदतीला एक जण घ्या. तो केबिनमध्ये दांडा हलवेल, तुम्ही इंजिनजवळ ब्रॅकेटकडे बघा. आवरण हलताना दिसलं तर क्लिप बदला. हे करताना इंजिन बंदच हवं, कारण रेडिएटरचा पंखा कधी सुरू होईल याचा भरवसा नाही.

इथल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला साचलेल्या पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांत केबलच्या टोकावरचं रबरी बूट फाटलं की पाणी आत जातं आणि तार गंजते. गंजलेली केबल दांड्याला एका दिशेला सहज जाऊ देते, परत येताना अडवते. म्हणून पाचव्यातून न्यूट्रलला आल्यावर दांडा उजवीकडेच राहतो आणि पहिल्यातून आल्यावर डावीकडेच. हे लक्षण पक्कं ओळखा. तिरकेपणाची जागा कुठून आलात त्यावर बदलत असेल तर ती लांबीची चूक नाही, घर्षण आहे. अशी केबल समायोजित करण्यात वेळ घालवू नका, बदला.

केबल जुळवणे

आता मुख्य काम. यात तीन प्रकारच्या गाड्या भेटतात.

पहिल्या प्रकारात केबलच्या टोकाला स्प्रिंगवाला लॉक असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या पोलो, व्हेंटो, रॅपिडसारख्या गाड्या यात येतात. पोलो २०२२ पर्यंत विकली जात होती, त्यामुळे आपल्याकडे रस्त्यावर अजून भरपूर आहेत आणि शॉर्ट शिफ्टरची हौसही त्यांच्या मालकांत मोठी. क्रम असा. केबल पुन्हा पट्ट्यांवर बसवा, गाडी न्यूट्रलमध्ये. दोन्ही केबलवरची लॉकची नळी स्प्रिंगच्या विरुद्ध ओढून फिरवा, म्हणजे ती उघडी अडकून राहते आणि केबल मोकळी होते. आता गिअरबॉक्सवर सिलेक्टर शाफ्ट खाली दाबा आणि दाबलेला असतानाच बाजूचा कोनाकृती खटका फिरवून आत ढकला. शाफ्ट आता जागच्या जागी अडकला. मग केबिनमध्ये दांडा न्यूट्रलमध्येच डावीकडे, पहिल्या-दुसऱ्याच्या ओळीत न्या आणि शिफ्टरच्या भोकातून पिन आरपार घाला. कंपनीची पिन नसेल तर भोकात घट्ट बसणारी, साधारण साडेचार ते पाच मिमीची ड्रिल बिट तिचं काम करते.

इथे बरेच जण चुकतात. त्यांना वाटतं समायोजन दांडा मधोमध धरून करायचं. खाली शाफ्ट पहिल्या-दुसऱ्याच्या ओळीत अडकवलेला आणि वर दांडा मध्यावर, असं करून लॉक सोडले तर सिलेक्ट केबल अख्ख्या एका ओळीने चुकते. वर आणि खाली, दोन्हीकडे एकच ओळ हवी. पिन बसल्यावर गिअरबॉक्सकडे परत जा, लॉकच्या नळ्या उलट फिरवून सोडा. स्प्रिंग स्वतःच त्यांना योग्य जागी घट्ट करते. मग पिन काढा, कोनाकृती खटका मूळ जागी आणा. खटका विसरलात तर पहिल्या-दुसऱ्याच्या ओळीबाहेर दांडा जाणारच नाही. घाबरू नका, आणि जोरही करू नका.

किटच्या दांड्याला पिनचं भोकच नसेल किंवा वेगळ्या उंचीवर असेल, तर माझी पद्धत अशी. मूळ दांडा परत बसवा, केबल त्याच्यावर जुळवा, मग शिफ्टरचं घर न हलवता किटचा दांडा घाला. यात एक तास जास्त जातो, पण अंदाज उरत नाही. किट गिअरबॉक्सच्या पट्टीचं असेल तर हा उपाय लागू नाही. पट्टीची लांबी किंवा कोन बदलला की केबल नव्या पट्टीवरच जुळवावी लागते. अशा किटमध्ये पट्टी शाफ्टच्या खाचांवर पूर्ण खाली बसली आहे ना, नट मॅन्युअलप्रमाणे आवळला आहे ना, आणि हालचालीच्या टोकाला ती बॅटरीच्या ट्रेला किंवा एखाद्या पाइपला आपटत नाही ना, तेही बघा. पट्टी ट्रेला टेकत असेल तर केबिनमध्ये ते अगदी 'गिअर पूर्ण जात नाही' असंच जाणवतं.

दुसरा प्रकार म्हणजे आट्या किंवा आवळता येणारा क्लॅम्प असलेली केबल किंवा रॉड. तत्त्व तेच. गिअरबॉक्स न्यूट्रलला, शाफ्ट स्वतःच्या मध्यावर, दांडा मधल्या ओळीत सरळ धरलेला, मग क्लॅम्प आवळा. आट्या असतील तर एका वेळी अर्धा फेरा फिरवा आणि मोजा. जुन्या रॉडवाल्या गाड्यांत, म्हणजे १९९८ ते २००३ च्या पहिल्या होंडा सिटीसारख्या, आधी बुश आणि इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी टेकू, तपासा. या गाड्यांत इंजिन हललं की रॉड हलतो, रॉड हलला की दांडा. अॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना दांडा पुढे-मागे झुलत असेल तर माउंट गेलेले आहेत, आणि ते बदलेपर्यंत कुठलंही समायोजन टिकणार नाही.

तिसरा प्रकार ठरावीक लांबीच्या केबलचा. समायोजनाची सोय नाही. इथे तिरकेपणा येतो तो किटच्या मापातून, बुशमधून किंवा ब्रॅकेटमधून. ब्रॅकेटची भोकं लांबट असतील तर त्यातून एक-दोन मिमी मिळतात. त्याहून जास्त लागत असेल तर किट तुमच्या गाडीचं नाही असं समजा आणि परत करा. ब्रॅकेट वाकवून किंवा केबलचं टोक कापून जुळवणारे मिस्त्री भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्या.

पुन्हा मोजा, आणि बोटाची चाचणी

सगळं जोडल्यावर पहिल्यासारखी सगळी मापं परत घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. मग प्रत्येक गिअरसाठी ही चाचणी करा. क्लच दाबा, गिअर टाका, खटका लागला की हात सोडा. आता त्याच दिशेला एका बोटाने दांडा आणखी दाबा. थोडीशी लवचीक हालचाल मिळायला हवी. ती म्हणजे गिअर आत पूर्ण बसला आणि वर अजून जागा शिल्लक आहे याचा पुरावा. बोटाला काहीच हालचाल न लागता दांडा एकदम टणक अडला, तर तो बहुधा कन्सोलला किंवा शिफ्टरच्या टोकाला टेकला आहे आणि गिअर अर्धवट बसला आहे. असा अर्धवट गिअर चालताना सुटतो, आणि सुटताना गिअरला जागी धरणाऱ्या दातांच्या कडा घासत जातात. डॉग टीथ म्हणतात त्या दातांचं नुकसान भरून येत नाही, म्हणून ही चाचणी एकाही गिअरला वगळू नका.

रिव्हर्ससाठी वेगळं बघा. दांडा खाली दाबून रिव्हर्स टाकायचा असेल तर नवा दांडा पुरेसा खाली जातो का. कॉलर उचलून टाकायचा असेल तर नव्या नॉबखाली कॉलर पूर्ण उचलली जाते का. आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे कॉलर न उचलता, दांडा न दाबता, रिव्हर्स पडत नाही ना. पडत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

आता बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा. बंद इंजिनात सगळे गिअर लोण्यासारखे आणि चालू इंजिनात कडक, असं झालं तर शिफ्टर निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाही, तिकडे बघा.

रस्त्यावर

पहिली फेरी घराजवळच, सकाळी लवकर, रिकाम्या अंतर्गत रस्त्यावर. रविवारी एमआयडीसीतले रस्ते यासाठी चांगले. पहिला-दुसरा-तिसरा, मग तिसरा-दुसरा, हळूहळू. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना दांडा दोन बोटांनी फक्त मागे ओढा, बाजूला अजिबात ढकलू नका. तो सरळ चौथ्यात पडला तर मधली ओळ जुळली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा न्यूट्रलला मोकळा सोडा, स्प्रिंगने मध्यावर येऊ द्या, मग पुढे ढकला. पाचव्याकडे ओढ जाणवली तर सिलेक्ट केबल अजून थोडी चुकलेली आहे.

मग चढ-उतार. सीबीडी बेलापूरच्या पारसिक हिलवर दुसऱ्यात चढा, आणि उतरताना दुसऱ्यातच इंजिन ब्रेकिंगवर या. हात नॉबपासून दूर. जोर आणि उलटा जोर दोन्हीत गिअर सुटत नसेल तर तो पूर्ण बसतो आहे. पाचवा-सहावा पाम बीच रोडवर वेगमर्यादेत राहून बघता येतो, त्यासाठी वेग लागत नाही, गिअर पडून राहतो की नाही एवढंच बघायचं. खरी परीक्षा मात्र संध्याकाळच्या घोडबंदर रोडची. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत पहिला-दुसरा-न्यूट्रल इतक्या वेळा होतो की जुळणीतली उणीव, घासणारं बूट, गरम झाल्यावर अडणारी केबल, सगळं वर येतं.

गिअर सुटला, दळल्याचा आवाज आला किंवा न्यूट्रलमध्ये असूनही गाडी पुढे सरकू पाहत असेल तर तिथेच थांबा. गाडी टो करून न्या.

सगळं ठीक असेल तर तीन-चारशे किलोमीटरनंतर बैठकीचे बोल्ट आणि पट्टीचा नट पुन्हा तपासा. नवे बुश थोडे दबतात. थ्रेडलॉक (आट्या सैल होऊ नयेत म्हणून लावायचा द्रव) लावायचा असेल तर या तपासणीनंतर, मध्यम ताकदीचा. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ दांडा, बुश, क्लिपा, नट सगळं एका पिशवीत नाव लिहून जपून ठेवा, कारण किट बसवलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचा दावा सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं. मिस्त्रीकडे काम सोपवणार असाल तर त्याला 'दांडा तिरका आहे' एवढंच न सांगता मापांचा कागद हातात द्या आणि केबल सोडवून तपासताना तिथे उभे राहा. आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरात एकदा गिअरबॉक्सकडच्या केबलच्या टोकांची रबरी बुटं उघडून बघा. चिखल किंवा पाणी दिसलं तर केबल अडायच्या आत ती बुटं बदलून घ्या.